घळीतली हाक

टाकेवाडीच्या टाक्याच्या काठावर, एका चिऱ्यावर काहीतरी कोरलेलं आहे. पाहुण्यांना ती गोम वाटते. गावातले म्हातारे लखूबाबा सगळ्यांना हवं ते म्हणू देतात, मग पंच्यानं चिरा पुसून सांगतात, "फणी आहे ती. दात मोजा. मधला एक मोडलाय."

त्या मोडक्या दातापासूनच सगळं सुरू झालं, असं सांगतात.

वर कड्यावर सडेवाडी, तळाशी टाकेवाडी आणि मधे ही घळ. सडेवाडीची ठकू लग्न होऊन खाली आली. पोर भारी भित्री. पान पडलं तरी दचकायची. सासू भिवराई म्हणायची, "सून आणली का सशाचं पिल्लू?"

तीन वर्षांत मांडीवर लेक आली, रंगू. ती दीड वर्षाची असताना एका सकाळी ठकूनं टाक्यावरून हंडा भरून आणला. कळशीत ओतताना धारेबरोबर काहीतरी खुळ्ळकन पडलं. लाकडी फणी. ठकू अशी दचकली की हंडाच हातातून सुटला.

"काय गं? इंचू?" सासूनं विचारलं.

"नाही. फणी."

"फणी डसल्याचं तर नाही बाई ऐकलं कधी!"

पण मधल्या मोडक्या दातावरून ठकूनं ती ओळखली होती. तिचीच होती. लग्नाच्या आदल्या दिवशी आईनं नवी फणी दिली आणि ही जुनी ठकूनं आपल्या हातानं घळीत टाकली होती. "घे माय" म्हणून.

सडेवाडीची तशी रीतच होती म्हणे. राख, चिंध्या, फुटकी मडकी, विटलेलं अन्न, मेलेली कोंबडी, सारं टोपलीत भरायचं आणि "घे माय" म्हणत घरामागच्या घळीत लोटायचं. घळीला तळ नाही, माय सगळं पोटात घेते, असा वरच्यांचा समज. अंगणात उकिरडा नाही, दारात माशी नाही. घरं अशी लख्ख, की सोयरेधायरे वाखाणायचे.

माय काही पोटात घेत नव्हती. सगळं कपारीत अडकत होतं, कुजत होतं आणि झिरपत, घरंगळत टाक्यात येत होतं. टाकेवाडीला दुसरं पाणी नव्हतं. पाण्याला वास होता, त्याला लोक खडकाचा वास म्हणत. दरसाल एकदोन पोरं हगवणीनं जायची, त्याला नशीब म्हणत.

घळीत टाकणं थांबवा म्हणून सांगायला ठकूनं नवऱ्याला, मल्हारीला, फणी घेऊन वर धाडलं. पाटील हसला. "फण्या सगळ्या सारख्याच की! तुझी बायको सावलीला भिते, तिचं काय धरून बसलास?" ठकूची आई आवडाई तिथंच उभी होती. तिनं फणी हातात घेतली, मोडक्या दातावरून बोट फिरवलं. चारचौघं बघत होते. "आमची न्हाई," म्हणाली आणि परत दिली.

आठ दिवसांत रंगूला हगवण लागली. ठकू चार फडक्यांतून पाणी गाळायची, वास तसाच. मग तिनं घळीच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली, "आई! ओ आई! टोपली टाकू नकोस गं!"

वरून काही नाही.

हाक वर पोचते हे ठकूला पक्कं ठाऊक होतं. लहानपणी तिनं स्वतः ऐकल्या होत्या घळीतून येणाऱ्या बायकांच्या हाका. दचकून ती आईच्या कुशीत शिरायची. आई तिचे कान झाकून म्हणायची, "ओ देऊ नगंस. घळीतल्या हाकेला ओ दिली की ती माणूस नेते." त्या बायका कोण होत्या, ते ठकूला आता कळलं. पिढ्यान्‌पिढ्या पाण्याचं कळून चुकलेल्या खालच्या बायका ओरडत आल्या होत्या, आणि वरच्या आया पोरींचे कान झाकत आल्या होत्या.

पाचव्या दिवशी रंगू गेली. सहाव्या दिवशी टोपल्या पडतच होत्या.

"चल घरी," भिवराई म्हणाली. "तिथं कोण ऐकतंय?"

"ऐकतायत, आत्याबाई. सगळ्याजणी ऐकतायत."

ती काठावर बसली आणि पाण्यातनं एकेक वस्तू उचलून वर धरत ओरडू लागली. "हे निळ्या काठाचं धडपं, आई, तुझं! हे कान तुटलेलं गाडगं थोरल्या काकीचं! ही फणी माझी. मीच टाकली. माझी रंगू गेली, आई! मीच टाकली!"

वर आवडाई भरली टोपली कमरेवर घेऊन कड्याशी उभी होती. "घे" इतकं तोंडातून निघालं, "माय" निघेना. शेजारणीनं तिचा दंड धरला. "आवडे, ओ दिलीस तर मरशील!"

आजही सडेवाडीची जुनी घरं घळीत काही टाकत नाहीत. प्रत्येकाच्या मागल्या दारी दोन खड्डे असतात. एक भरेपर्यंत दुसऱ्याचं खत होतं. जे खड्ड्यात कुजणार नाही, ते घरात आणताना बाई दहादा विचार करते. पण आता कड्यावर सुट्टीतले बंगले झालेत. घळीतून काळ्या पिशव्या येतात. पाण्याच्या बाटल्या, पोरांचे फेकायचे लंगोट. लखूबाबांची सून दुपारी हाक मारते, पण नाव कुणाचं घेणार? वर काचा बंद असतात. तिचीच हाक तिच्याकडे परत येते. "तरी मारायची," लखूबाबा म्हणतात. "त्या दिवशीबी लई वेळ काईच आलं नव्हतं."

नव्हतंच, म्हणे. मग कड्यावर टोपली टेकल्याचा आवाज झाला, आणि पाठोपाठ मरणाला कबूल झालेल्या बाईचा:

"ओ! आमचंच हाय गं ते. आले."