आरोळीला बंदी

एका खिंडीच्या तोंडाशी एक गाव होतं आणि त्या गावात एक कुंभार राहत होता. बायको देवाघरी गेलेली. घरात तो आणि त्याची चिमुकली पोर सोनकी, एवढीच माणसं. पोरीवर त्याचा असा जीव, की चाक फिरवताना एक डोळा मडक्यावर आणि एक तिच्यावर असायचा.

गावाला जाच होता खिंडीपलीकडच्या लुटारूंचा. कधी येतील याचा नेम नाही. गुरं न्यायचे, धान्य न्यायचे, लहान पोरं पळवून लांबच्या बाजारात विकायचे. गावाकडे ना फौज, ना तटबंदी. होती ती फक्त आरोळी. ज्याला लुटारू दिसेल त्यानं बेंबीच्या देठापासून ओरडायचं आणि ज्याच्या कानावर पडेल त्यानं हातात असेल ते घेऊन धावायचं. कुणी कोयता घेऊन यायचा, कुणी मुसळ, कुणी नुसती चुलीची फुंकणी! पाटलानं कुणाला नाहक मारलं तरी हीच आरोळी आणि हेच धावणं. त्यामुळे पाटीलही जरा जपूनच वागायचा.

कुंभाराची बायको गेली ती अशाच एका धाडीत. नदीवर लुटारूंनी सोनकीला उचललं आणि आईनं आरोळी ठोकली. लुटारूनं तिच्यावर घाव घातला. गाव धावून आलं, पोरीला तिथंच टाकून लुटारू पळाले, पण आई वाचली नाही. कुंभाराच्या मनानं मात्र भलतंच धरलं. ती ओरडली म्हणून मेली, गप्प राहिली असती तर आज असती. दुःखात माणसाला कुठलं तरी कारण धरावं लागतं. त्यानं हे धरलं.

त्याच सुमारास एक सरदार स्वार घेऊन गावात आला. चावडीवर बसून म्हणाला, "मंडळी, तुमचं रक्षण मी करतो. वेशीवर चौकी बसवतो, चौकीवर नगारा ठेवतो. अट एकच. या गावात कुणी आवाज चढवायचा नाही. तुम्ही आरडाओरडा केलात की माझ्या शिपायांना काही ऐकू येत नाही, आणि शत्रूला मात्र सगळं ऐकू जातं. काही दिसलं तर गुपचूप चौकीवर येऊन सांगा. नगारा वाजला की घरात शिरून कड्या लावा. पुढचं आम्ही बघू."

गावात एक म्हातारी तेलीण होती. ती म्हणाली, "आणि तुमच्या शिपायांनीच कुणाला छळलं, तर ओरडायचं कुणाच्या नावानं?"

सरदार हसला. "आजीबाई, पोरं हवीत का ओरडणं हवं, तेवढं सांगा."

तेव्हा कुंभार उठला. "माझी बायको ओरडूनच मेली. मला माझी पोर हवी. ते ओरडणं घेऊन काय चाटायचंय?" आणि सगळ्यांच्या आधी त्यानं बेलभंडारा उचलून शपथ घेतली. त्याचं दुःख गावानं पाहिलं होतं. त्याच्या मागून एकेक करत साऱ्यांनीच बेलभंडारा उचलला.

आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं लुटारू फिरकले नाहीत. उगाच कशाला नावं ठेवा! कुंभाराला शांत झोप लागायला लागली.

बंदी मात्र एका जागी थांबली नाही. आधी आरोळी गेली. मग जात्यावरच्या ओव्या गेल्या, भजन गेलं, चावडीवरच्या गप्पाही गेल्या. शिपाई कुणाची कोंबडी उचलायचे, कुणाची शेळी, आणि माणूस नुसता बघत राहायचा. एकदा तेल फुकट दिलं नाही म्हणून त्यांनी तेलिणीच्या मुलाला चौकीवर नेऊन गुरासारखं बडवलं. म्हातारी बोंब मारणार, तोच कुंभारानं धावत येऊन तिच्या तोंडावर हात ठेवला.

"आजी, गप! तुझ्यापायी चौकी उठली तर आमच्या पोरांचं काय?"

तिनं त्याचा हात झटकला. "मेल्या, तुझी बायको गेली, पण तिच्या आरोळीनंच तुझी पोर घरी आली. एवढंही कळेना तुला?"



घरी सोनकी मोठी होत होती. पोरच ती! खिदळायची, पडली की भोकाड पसरायची. कुंभार दचकून तिच्या तोंडावर हात ठेवायचा. "हूं की चूं करायचं नाही, बाळा." होता होता हसू आलं तरी आणि रडू आलं तरी ती स्वतःच आपल्या तोंडावर हात ठेवायला लागली. कुंभाराला वाटायचं, किती शहाणी गं माझी लेक!

एके दुपारी कुंभार परसात माती तुडवत होता. सोनकी बांबूच्या बेटापलीकडे नदीवर घागर भरायला गेली होती. अगदी हाकेच्या अंतरावर. इतक्यात गावचा परीट नदीकडून पळत आला आणि त्याच्या समोरून गेला. चेहरा पांढराफटक. कुंभारानं पाहिलं, पण विचारलं नाही. काही असेल तर चौकी बघेल. परीटही बोलला नाही. आधी चौकीवर सांगायचं, असाच नियम होता ना!

चौकीवर हवालदार जेवून आडवा झाला होता. त्याला उठवायची कुणाची छाती होईना, आणि त्याच्या हुकमाशिवाय नगाऱ्याला हात लावायची सोय नव्हती. तो उठला, तोंड धुतलं, परटाचं ऐकून घेतलं, तेव्हा कुठे नगारा वाजला. गावानं धडाधड कड्या लावल्या. कुंभार तसाच मातीच्या पायांनी नदीवर धावला. घागर काठावर पडली होती, पोर नव्हती.

परीट परत येऊन त्याच्या मागे उभा राहिला. "सोनकीला नेली रे. दोघंच लुटारू होते. मी दगडाआडून पाहिलं."

"अरे, मग माझ्या समोरून गेलास तेव्हा का बोलला नाहीस?"

"बंदी आहे ना," म्हणत परीट रडायला लागला.

"आणि ती? ती का नाही ओरडली? मी इथं बेटापलीकडेच तर होतो!"

"तिला उचललं तसा तिनं आपलाच हात आपल्या तोंडावर दाबून धरला, दादा. त्यांना काही करावंच लागलं नाही."

कुंभारानं खिंडीकडे पाहिलं. खिंडीचा माथा अजून लांब होता. खांद्यावर पोर घेऊन दोन माणसं कितीशी पळणार? गाव धावलं तर अजूनही गाठता येणार होतं. तो गावात आला आणि छाती फुटेस्तोवर ओरडला, "धावा रे, धावा! माझी पोर नेली, धावा!"

दारामागं सगळ्यांना ऐकू गेलं. कुणी कडीला हात लावला आणि परत काढून घेतला. एकटी तेलीण काठी टेकत बाहेर आली, पण चार पावलांतच तिला धाप लागली.

धावत आले ते शिपाई. "आरोळी कुणी ठोकली?"

"मला धरा, पाहिजे ते करा, पण आधी खिंडीकडे चला!" कुंभार त्यांच्या पाया पडला.

हवालदार म्हणाला, "चौकी सोडायचा आम्हाला हुकूम नाही. तुझ्या एकट्याच्या पोरीसाठी सगळं गाव उघड्यावर टाकू का?"

त्यांनी कुंभाराला चौकीच्या खांबाला बांधलं. तिथून खिंडीची चढण स्वच्छ दिसत होती. ते दोघं वर चढताना आणि एकाच्या खांद्यावरची पोर, हे सगळं त्याला दिसत होतं. तो ओरडत राहिला, तेव्हा शिपायांनी त्याच्या तोंडात बोळा कोंबला. मग गावात सामसूम झाली.

तात्पर्य एवढंच, बाळांनो: भीतीपोटी आपला आवाज कुणाच्या हवाली करू नये, आवाज गहाण टाकून मिळवलेली राखण आपल्या हाकेला धावून येत नाही.