एकशे एक फुटांवर

“आणि एकशे एक फुटांवर?”

सन्मतीला वाटलं, चाचांना ऐकू कमी येतं.

“शंभर फूट म्हणालो मी, चाचा. शंभर फुटांवरूनसुद्धा खुर्ची आता रिमोटचं ऐकते. आधी तीस फुटांच्या पुढे ऐकायची नाही.”

“ते कळलं. एकशे एक फुटांवर काय करते?”

पिशवीतून सन्मती एकेक वस्तू काढून ओट्यावर मांडू लागला. चाकासकट एक मोटार. बॅटरी. रिमोट. लॅपटॉप. आणि तळहाताएवढा हिरवा बोर्ड, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता.

दस्तगीरचाचा पूर्वी लष्करात वायरलेसवर होते. निवृत्त झाल्यावर ते गावाबाहेरच्या टेकडीवर, दर्ग्याच्या आवारातल्या एका खोलीत राहायला आले. अंगात फकिराची कफनी आणि कफनीच्या खिशात टेस्टर. कुणाचा रेडिओ, कुणाचा मिक्सर दुरुस्त करून द्यायचे. सन्मतीची थोरली बहीण सुप्रभा, म्हणजे अक्का, शाळेत असताना त्यांच्याकडूनच सोल्डरिंग शिकली होती.

सन्मती मात्र त्यांना काही विचारायला कधी आला नव्हता. त्याने डिप्लोमा केला होता.

आज आला, कारण अक्काने अट घातली होती. “चाचांनी हो म्हटलं तरच मी त्या खुर्चीत बसेन.”

तीन वर्षांपूर्वी अक्काच्या पायांतली ताकद गेली. सन्मतीने साध्या चाकाच्या खुर्चीला दोन मोटारी जोडल्या. मोटारीने कधी पळायचं, कधी वळायचं, कधी थांबायचं हे ठरवणारा बोर्ड त्याने मागवून घेतला. त्या बोर्डाच्या आत एक प्रोग्रॅम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. तो बिघडला तर मोटार धडधाकट असून काही उपयोग नसतो.

“खुर्ची आदळली कशी?” चाचांनी विचारलं.

“मी मागून चालत होतो. रिमोट माझ्या हातात. उतारावर खुर्ची तीस फुटांपलीकडे निघून गेली. मी थांबायचं बटण दाबलं. थांबली नाही.”

“मग?”

“दूध डेअरीच्या भिंतीवर गेली. अक्काचं मनगट मुरगळलं. भिंत नसती तर पलीकडे ओढा आहे, चाचा.”

“का नाही थांबली?”

“बटणाचा सिग्नल पोचलाच नाही तिच्यापर्यंत. म्हणून तर मी पल्ला वाढवला. आठ दिवस जागचा हललो नाही. ही चौथी आवृत्ती आहे.”

“पहिली कुणाची होती?”

“पहिली बोर्डासोबत आलेली. पण ती सदोष होती.” आता सन्मतीचा आवाज जरा चढला. हे त्याच्या माहितीतलं होतं. “सिग्नल क्षणभर तुटला की खुर्ची लगेच थांबायची. भर बाजारात अडखळायची. लोक वळून वळून बघायचे. मग मी ते फर्मवेअरच बदललं. सिग्नल तुटला तरी शेवटचा हुकूम चालू ठेवायचा. लोण्यासारखी चालायला लागली.”

“अडखळायची तेव्हा अक्का काय म्हणायची?”

“अक्का?” सन्मती आठवू लागला. “तिने… कधी काही म्हटलं नाही.”

“सदोष,” चाचा पुटपुटले.

मग उठले आणि आवारातून चालत लिंबाच्या झाडांपलीकडे गेले. तिथून हाक आली.

“चप्पल काढ. डोळे मीट. माझ्या आवाजाच्या रोखाने ये.”

“चाचा, उद्या साडेनऊला अक्काला वाचनालयात रुजू व्हायचंय. पहिला दिवस आहे तिचा. दोन वर्षं अर्ज करत होती. मला खेळायला वेळ नाही. तुम्ही नुसतं हो म्हणा, मी जातो.”

“डोळे मीट.”

त्याने मीटले.

“ये…”

सन्मती निघाला. पायाखाली खडे होते, मग गवत.

“ये… जरा डावीकडे… हां, सरळ ये… ये…”

आवाज बंद झाला.

सन्मती चालत राहिला. एक पाऊल, दोन पावलं… कुठेतरी शेळीच्या गळ्यातली घंटी वाजली. चाचा आता बोलतील, मग बोलतील. तीन पावलं, चार…

पाचवं पाऊल पाण्यात गेलं.

“अयाई!”

डोळे उघडले तर तो लिंबाच्या आळ्यात उभा होता. नुकतंच पाणी सोडलेलं. पाय घोट्याच्या वरपर्यंत चिखलात, आणि गालावर काटा ओरबाडलेला.

चाचा दगडावर बसले होते, हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर.

“मी बोलायचं कधी थांबलो?”

“मघाशीच की!”

“मग तू का चालत राहिलास?”

“तुम्ही थांब कुठे म्हणालात?” सन्मती चिडून ओरडला.



सन्मतीने पाय उपसायला घेतला होता. तो तसाच राहिला. एक पाय बाहेर, एक चिखलात.



“चाचा,” तो हळूच म्हणाला, “सावलीत लॅपटॉप ठेवायला जागा आहे का?”

त्याने प्रोग्रॅम उघडला. शेवटचा हुकूम धरून ठेवायची ओळ शोधली. ती ओळ लिहिली त्या दिवशी त्याने मित्राला फोन करून सांगितलं होतं. आज खोडली. तिच्या जागी लिहिलं, की अर्धा सेकंद काही ऐकू आलं नाही, तर थांब.

“उतारावर अर्ध्या सेकंदात किती फूट जाते?” चाचांनी मागून विचारलं.

सन्मतीने मनात हिशेब केला आणि अर्ध्याचा पाव केला.

आता तो प्रोग्रॅम बोर्डात भरायचा होता. त्याने वायर जोडली, पण बोट बटणावर ठेवून थांबला.

“काय झालं?”

“भरताना मध्येच काही तुटलं तर बोर्ड मरतो. जुनंही जातं, नवंही येत नाही. दुसरा मागवला तर दहा दिवस. आणि उद्या सकाळी…”

“आधी तीन वेळा भरलंस ना?”

“तेव्हा भीती वाटली नव्हती.”

चाचांनी मान हलवली.

त्याने बटण दाबलं. बोर्डावरचा दिवा लुकलुकू लागला. पडद्यावर आकडे सरकले. दहा टक्के, तीस, पन्नास. बासष्टवर आकडा थांबला.

बासष्ट.

बासष्ट.

वायर सैल असेल का? जरा दाबून बघावी का? सन्मतीचा हात पुढे गेला.

“हात.”

एवढाच शब्द. सन्मतीने हात मागे घेतला आणि दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवला. मघाची शेळी ओट्याजवळ येऊन वायरीचा वास घेऊ लागली. चाचांनी तिला मानेला धरून शांतपणे दुसरीकडे वळवलं.

बासष्ट… त्रेसष्ट.

मग आकडे भराभर पळाले. शंभर. दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला.

सन्मतीने खांदे खाली सोडले. बॅटरी जोडली आणि रिमोटचं बटण दाबलं. चाक गरगर फिरू लागलं. बटण तसंच दाबून धरून त्याने दुसऱ्या हाताने रिमोटमधला सेल ओढून काढला.

चाक थांबलं.

त्याने सेल पुन्हा घातला, पुन्हा काढला. चाक थांबलं. दहा वेळा केलं, दहाही वेळा थांबलं.

“आता बाजारात पुन्हा अडखळेल,” तो म्हणाला.

“अडखळू दे.”

“हो.” तो पहिल्यांदाच हसला. बोर्ड रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला, आणि चाचांच्या पाया पडायला वाकला.

“मग तुमचं हो आहे ना, चाचा? अक्काला सांगू?”

“अक्काने अट कधी घातली?”

“खुर्ची आदळली त्या संध्याकाळी. मनगटाला लेप लावत होतो तेव्हा.”

“त्यानंतर काय म्हणाली?”

“त्यानंतर…”

सन्मतीने पिशवी खाली ठेवली.

“जेवते. आईने विचारलं तर हो-नाही म्हणते. माझ्याशी… त्यानंतर बोलली नाही.”

“आठ दिवस?”

“आठ दिवस.”

“आणि तू काय करत होतास?”

“मी फर्मवेअर लिहीत होतो, चाचा. तिच्यासाठीच.”

टेकडीच्या पायथ्याशी कुणीतरी ट्रॅक्टर सुरू केला. तो आवाज हळूहळू लांब गेला.

“बोर्डाला कळलं,” चाचा म्हणाले. “आता घरी जा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सन्मतीने खुर्ची दारात आणून ठेवली आणि तो अक्काच्या समोर जमिनीवर बसला. काही बोलला नाही. बऱ्याच वेळाने ती बोलली. वाचनालयात ती त्याच खुर्चीतून, पाऊण तास उशिरा पोचली.