बिनअंड्याची नानखटाई

खूप खूप वर्षांमागची गोष्ट. नदीकाठच्या एका गावात दोन बायका सकाळी धुणं धूत बोलत होत्या.

“त्या टोकाच्या घरची सून गं! कुंभारणीच्या अंगणात बसून अंडी फोडते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि मग ती नानखटाई...”

एवढ्यात पलीकडच्या दगडावर कोण बसलंय ते बोलणारीला दिसलं. तिने जीभ चावली आणि चादर धपाधप आपटायला घेतली.

पलीकडच्या दगडावर बसली होती त्याच घराची शेजारीण. बाई मनाने लोण्यासारखी, पण कान सशाचे. शेजारी फोडणी तडतडली की भाजी कोणती ते ही घरात बसून सांगणार. कुणाचं दुखलंखुपलं तर पहिली धावणारीही हीच. ती अर्धी गोष्ट कानात घेऊन घरी निघाली, आणि उरलेली अर्धी तिने वाटेतच आपल्या मनाने जुळवून टाकली.

आता अंड्याचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. तर ऐका.

त्या घरच्या म्हाताऱ्या सासऱ्याचा नेम होता. अंडं घातलेल्या पदार्थाला तोंड लावायचं नाही. तरणेपणी घेतलेला नेम, त्याने कधी मोडला नव्हता. आणि गावाची रीत अशी, की सुगीच्या पौर्णिमेला घरोघर नानखटाई भाजायची. घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाने पहिला घास घ्यायचा, मग बाकीच्यांनी खायची.

गावात जो तो नानखटाईत अंडं घाली, म्हणजे ती हलकी होई. या घरात अंडं नाही, म्हणून ती अशी टणक होई की खलबत्त्यात कुटावी. म्हाताऱ्याचे दात तर केव्हाच गेलेले. दरवर्षी तो नानखटाई नुसती कपाळाला लावी आणि ताटात परत ठेवी. नातवंडं शेजारीपाजारी जाऊन अंड्याची खाऊन येत. सणाच्या दिवशी घर असं चार दिशांना पांगे, आणि म्हातारा ताटापाशी एकटाच उरे.

घरात नवी आलेली धाकटी सून पहिल्या वर्षी हे बघून गप्प बसली. दुसऱ्या वर्षी मात्र पदर खोचून म्हणाली, “मामंजी, यंदा पहिला घास तुम्ही खरोखर खायचा. चावायलासुद्धा लागणार नाही.”

“बघू तुझी करामत, सूनबाई,” म्हातारा हसून म्हणाला. पण तेव्हापासून पौर्णिमेची वाट नातवंडांपेक्षा तोच जास्त बघू लागला.

आणि पौर्णिमा उद्यावर आलेली असताना शेजारणीच्या कानावर हे! म्हाताऱ्याचा जन्माचा नेम मोडतोय आणि आपण गप्प बसायचं? तिला राहवलं नाही. ती तडक त्यांच्या ओसरीवर गेली.

“भाऊजी, सांगू नये, पण सांगते. उद्याची नानखटाई जरा विचारून खा. सूनबाई कुंभारणीकडे जाऊन अंडी फोडते म्हणतात.”

“तुम्ही बघितलंत, वहिनी?”

“मी नाही हो, ऐकलं. पण वाऱ्यावाचून पान हलतं का?”

म्हाताऱ्याने मान हलवून तिला वाटेला लावलं. पण त्या दिवशी सुनेने वाढलेल्या ताटाकडे तो हात धुऊन नुसता बघत राहिला. असं त्याने कधी केलं नव्हतं. सुनेच्या ते ध्यानात आलं, कारण मात्र कळलं नाही.

पौर्णिमेला सकाळीच शेजारीण कुंपणावरून मान लांब करून उभी. सून परात घेऊन बसली होती.

“काकू, मान अवघडेल. आत या की, पाट टाकलाय.”

शेजारीण अशा आमंत्रणाला कधी नाही म्हणत नसे. ती पाटावर बसली आणि डोळे फाडून बघू लागली. सून परातीत थिजलेलं तूप तळव्याने गोल गोल फेसत होती. फेसतेय, फेसतेय, थांबायचं नाव नाही.

“अगं, त्या तुपाने काय घोडं मारलंय तुझं?”

“काकू, अंड्याने जे हलकेपण येतं ना, ते मला हाताने आणायचंय.”

तिने तुपाचा एक ठिपका वाटीतल्या पाण्यात टाकला. तो बुडाला. ती पुन्हा फेसू लागली. मनगट भरून आलं तसं तिने हात झटकला, कपाळाचा घाम दंडाला पुसला आणि पुन्हा फेसू लागली. शेवटी शेजारणीलाच दया आली. “सर बाजूला,” म्हणत तिने आपले तळवे लावले. तूप दुधासारखं पांढरं झालं, आणि नंतरचा ठिपका पाण्यावर तरंगला.

मग पिठीसाखर आली, चमचाभर आंबट दही आलं, चिमूटभर पापडखार आला, चाळलेलं पीठ आणि वेलची आली. अंडं काही आलं नाही. सुनेने गोळे वळले, वर एकेक चारोळी दाबली, पातेल्यात वाळू तापवून वर ताटली ठेवली आणि झाकणावर निखारे पसरले. हळूहळू असा वास सुटला, की रस्त्याने जाणारे थांबू लागले.

शेजारणीला मात्र ओसरीवरचं आपलं बोलणं आठवलं. आपण काय करून बसलो!

एव्हाना सगळं घर अंगणात जमलं होतं. सुनेने ताट सासऱ्यापुढे ठेवलं. त्याने एक नानखटाई उचलली, पण हात तोंडापर्यंत जाईना.

“सूनबाई, एक विचारतो. यात अंडं आहे का गं?”

सून तोंड उघडायच्या आत शेजारीण पुढे सरसावली. “नाही हो भाऊजी! मी सकाळपासून तिथंच ठाण मांडून होते. टरफलसुद्धा दिसलं नाही. मेल्यांच्या जिभेला हाड नाही! ही पोर अंड्याला शिवलेलीसुद्धा नाही!”

इथेच सगळं मिटलं असतं. पण सून म्हणाली, “थांबा काकू. यात अंडं नाही, हे खरं. पण मी अंड्याला शिवले नाही, हे खरं नाही. मामंजी, सुगी लागल्यापासून मी कुंभारणीच्या अंगणात अंडी फोडतेय.”

सुनेच्या नवऱ्याने कपाळाला हात लावला.

“अंड्याची नानखटाई मी जन्मात केली नव्हती,” सून सांगू लागली. “ती कशी फुलते, कशी विरघळते, हेच ठाऊक नसेल तर तिच्या तोडीची बिनअंड्याची करणार कशी? म्हणून कुंभारणीच्या चुलीवर, तिच्याच भांड्यांत, एक घाणा तसा आणि एक घाणा असा भाजायचे. तिची पोरं डोळे मिटून दोन्ही खायची आणि अंड्याची बरोबर ओळखायची. परवा पहिल्यांदा चुकली. तिकडचं भांडं मी इकडे आणलं नाही, अंघोळ केल्यावाचून आपल्या चुलीला हात लावला नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. आता खायची की नाही, ते तुम्ही ठरवा.”



“वहिनींनी तुला सोडवलं होतं,” म्हातारा म्हणाला. “नुसती मान हलवली असतीस तरी भागलं असतं. मग बोललीस कशाला?”

“मग हा घास तुम्ही त्यांच्या शब्दावर घेतला असतात, मामंजी. माझ्या नाही.”

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, आणि नानखटाई सरळ तोंडात टाकली. डोळे मिटले. नातवंडं त्याच्या हनुवटीकडे टक लावून बसली, पण हनुवटी हलेचना.

“अरे, गेली की!” म्हातारा म्हणाला.

“कुठे गेली, आजोबा?”

“विरघळली रे! थांबा, नीट कळलं नाही.” आणि त्याने दुसरी उचलली, मग तिसरी. नातवंडांनी गिल्ला केला, “आजोबा, पहिला घास झाला, आता आमची पाळी!” त्या वर्षी त्या घरातलं एकही पोर खायला बाहेर गेलं नाही.

पुढे कुणी शेजारणीला गाठून विचारलंच, तर ती सांगे, “अंडी फोडली हे खरं. घरात चारली हे साफ खोटं. अधिक काही हवं असेल तर तिलाच विचारा, ती लपवत नाही.” आणि म्हाताऱ्याने त्यानंतर सुनेने वाढलेल्या कुठल्याही ताटाला ‘यात काय आहे’ म्हणून विचारलं नाही.

बोध एवढाच: जो स्वतःला अडचणीत आणणारं खरंही आपणहून सांगतो, त्याच्या शब्दाला साक्षीदार लागत नाही.