चाळीस गलबतांची धमकी

रेवबंदरच्या दरबारात समुद्रापलीकडच्या श्रीमंत देशाचा राजदूत ऐटीत म्हणाला, "महाराज, तुमच्या आजोबांच्या काळी आमचं एक गलबत इथे माल घेऊन यायचं. आता वर्षाला चाळीस येतात. आमच्या कापडावाचून, काचेवाचून तुमचं पानही हलत नाही. तेव्हा जकात माफ करा, नाहीतर यापुढे एकही गलबत येणार नाही."

राजाला घाम फुटला. कारभारीण म्हाळसाबाई मात्र गालात हसली.

"नका पाठवू गलबतं," ती म्हणाली. "फक्त चाळीस गलबतांचं काम थांबल्यावर तुमचे जे विणकर आणि काचकाम करणारे रिकामे बसतील, त्यांना तेवढं इकडे पाठवा. आम्ही त्यांना घर देऊ, काम देऊ. माल इथेच बनेल."

राजदूताने निमूटपणे जकात भरली. निघताना तो हळूच म्हणाला, "बाईसाहेब, एक विनंती आहे. हे आमच्या विणकरांच्या कानावर जाऊ देऊ नका."