बसलेल्याला हाक मारू नये

लई लई मागची गोष्ट. तुमच्या आज्याच्या आज्याला दात फुटायचे होते, तेव्हाची. खरी का खोटी ते मला विचारू नका. मी तेव्हा नव्हतो, आन् तुमच्या तोंडाकडं बघून तुम्हीही नव्हता असं वाटतं.

एक मुलूख होता. तिथं डोंगरच डोंगर. साधेसुधे न्हाईत, जगातले सगळ्यात उंच. बाजारात बाया उभ्या राहतात तसे खांद्याला खांदा लावून दाटीनं उभे. वर बाराही महिने बर्फ. खालनं टोक बघायला मान वर करावी तर डोक्यावरची पगडी मागं पडायची.

त्या मुलखातल्या लोकांना एकच खूळ. डोंगर चढायचा आन् खाली येऊन सांगायचं, "जिंकला!" डोंगराला कुणी विचारलं न्हाई, की बाबा, तू हरलास का? तो आपला उभाच.

असे करत करत सगळे डोंगर जिंकून झाले. एकच राहिला. सगळ्यात उंच. त्याला थोरला म्हणायचे.

राजानं दवंडी पिटली. "थोरल्याच्या टोकावर जो जाळ करील आणि ज्याचा धूर मला गच्चीवरून दिसेल, त्याला दरबारात माझ्या शेजारी बसवीन. तो आला की सगळा दरबार उठून उभा राहील!"

झालं! बसायला जागा मिळावी म्हणून माणसं चढायला लागली.

आता नीट ऐका. थोरल्यावर थंडी अशी, की दमलेला माणूस जरा टेकला की त्याला गोड झोप लागायची. आन् बसला तो बसला. त्याला खाली आणायचं कसं? वाट एका पावलाची. जिता माणूस तिथनं कसाबसा उतरायचा, मेलेल्याला कोण उतरवणार? म्हणून ते तिथंच राहायचे. वाटेच्या कडंला, दगडाला पाठ लावून, बर्फात बसलेले. वर्षानुवर्षं.

चढणाऱ्यांनी त्यांच्यासाठी एक रीत घातली. निघताना कमरेला देवळातल्या अंगाऱ्याची पुडी बांधायची. बसलेला दिसला की वाकायचं, कपाळाला अंगारा लावायचा, "बस बाबा, आम्ही येतो" म्हणायचं आन् चालू पडायचं. हाक मारायची न्हाई. हलवायचं तर मुळीच न्हाई. बसलेल्याला हाक मारली तर तो आपल्यालाही शेजारी बसवून घेतो, असं जुनी माणसं सांगायची.

पुढं पुढं तर त्या बसलेल्यांच्या खुणाच झाल्या. "पगडीवाला लागला की डावीकडं वळ. हात वर केलेला दिसला की जपून, तिथं निसरडं हाय."

हसताय? हसा, हसा. मलाही आधी हसूच आलं होतं.

तर त्या मुलखात एक चढणारा होता. लांब लांब ढांगा टाकत चालायचा, म्हणून सगळे त्याला ढांग्या म्हणायचे. बाकीचे डोंगर त्यानं जिंकलेले. हा एकच घशात घास अडकावा तसा अडकलेला.

आता टोकावर जाळ करायचा तर लाकडं पाहिजेत. वर तर काडी उगवत न्हाई. मोळी खालनंच न्यायची. आन् ढांग्या स्वतः मोळी उचलणार? छ्या! त्यानं बायकोच्या धाकट्या भावाला बरोबर घेतलं. हा मेव्हणा म्हणजे गोल, हसरा, तोंडाचा फाटका गडी. पाठीवर मोळी, काखेत भाकरी आन् तोंडात टिवल्याबावल्या.

निघताना बायको दारात आली. ढांग्याला म्हणली, "अहो, डोंगर न्हाई जिंकला तरी चालंल. माझा भाऊ तेवढा परत आणा."

"आणतो की. जातोय कुठं तो?"

"आक्का, तू कशाला घोर लावून घेतीस?" मेव्हणा म्हणला. "दाजी वर जाणार, मी मागं राहून भाकरी खाणार."

चढायला लागले. बसलेला आला की अंगारा, नमस्कार, पुढं. बसलेला आला की अंगारा, नमस्कार, पुढं. मेव्हणा धापा टाकत मागनं.

"दाजी, जरा दम खाऊ द्या."

"भाकरी खाल्लीस, गूळ खाल्लास, आता दम खा. खाण्याबिगर काही सुचतंय का तुला?"

"सुचतंय की. आक्काचं लगीन एखाद्या बुटक्याशी लावायला पाहिजे होतं, असं सुचतंय."

असं करत करत टोक जवळ आलं. अगदी हात लांबवला तर लागंल असं वाटायला लागलं. आन् तिथंच मेव्हण्याचे पाय थिजले.

"दाजी, मोळी घ्या. मी टेकतो."

ढांग्या घाबरला. "बसू नको रं! चल, खाली जाऊ."

असं म्हणून त्यानं खाली बघितलं, हे खरं. पण मग त्यानं वर बघितलं. टोक उन्हात चमकत होतं.

मेव्हण्यानं त्याचं तोंड वाचलं. म्हणला, "जावा तुम्ही. आता इथवर आलाय. फक्त येताना मला उठवा."

"उठवतो."

"उठवा बरं का. न्हाईतर ढांग टाकून ओलांडून जाल मला."

"गप रं! झोपू नको तेवढं."

ढांग्या वर गेला. टोकावर उभा राहिला. मोळी पेटवली. काळा धूर सरळ आभाळात चढला. खाली राजानं तो गच्चीवरनं बघितला आन् नगारे वाजवले. येवढ्या उंचावर नगारे कुठले ऐकू यायला! पण ढांग्याच्या कानात मात्र वाजायला लागले. उतरतानाही वाजतच होते.

मेव्हणा तिथंच होता. दगडाला पाठ, डोळे मिटलेले. मिशीवर बर्फ, पापण्यांवर बर्फ. मांडीवर अर्धी भाकरी, तिच्यावर दोन्ही हात.

ढांग्या रडला. खोटं कशाला सांगू, पोटातनं रडला. हाक मारायला त्यानं तोंडही उघडलं. तेवढ्यात रीत आठवली. उघडलेलं तोंड मिटलं. कमरेची पुडी सोडली, अंगठा दाबून कपाळाला अंगारा लावला, "बस बाबा, आम्ही येतो" म्हणला, आन् लांब ढांग टाकून निघून गेला.

घरी आल्यावर बायकोनं त्याच्या मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं. ती तशीच उंबऱ्यावर बसली. म्हणली, "हाक मारली होती का?"

"हाक मारायची रीत न्हाई."

"हलवून बघितलं?"

"अगं, बसलेल्याला हलवत न्हाईत. तुला म्हाईत न्हाई का?"

ती उठून चुलीपाशी गेली.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. आन् कावळा शिवंना! झाडावर ही दाटी कावळ्यांची, पण सगळे तोंड फिरवून बसलेले. ढांग्यानं हात जोडले. "तुझ्या आक्काला अंतर देणार न्हाई." कावळा हलंना. "तुझी म्हैस सांभाळीन." हलंना. "दर साली तुझ्या नावानं गुळाची पोळी वाटीन." एका कावळ्यानं मान वाकडी केली, बघितलं, आन् पुन्हा सरळ केली. ऊन डोक्यावर आलं. सोयरेधायरे भुकेनं कासावीस झाले.

बायको म्हणली, "कावळा का शिवत न्हाई, ह्याचा कुणी इचार करा की!"

"इच्छा राहिली असंल काहीतरी," सोयरे म्हणले. "आता किती थांबायचं?"

मग भटजींनी दर्भाचा कावळा केला. गवताच्या कावळ्याचं काय, शिव म्हणलं की शिवतो. तो शिवला, आन् मंडळी जेवायला गेली.

पुढं राजानं चांगला दिवस बघितला आन् दरबार भरवला. मुलखातले सगळे जुने चढणारे पुढं बसले होते. बायकांच्या बाजूला ढांग्याची बायको. ढांग्या आला तसा सगळा दरबार उठून उभा राहिला. राजाशेजारच्या आसनावर मखमल घातलेली. ढांग्या वळला, वाकला, आता टेकणार...

"दाजी, बसू नका! ह्या मुलखात बसलेल्याला उठवत न्हाईत."

सगळ्यांनी दाराकडं बघितलं. काठीवर रेललेला, पायांना चिंध्या बांधलेला, अर्धा वाळलेला मेव्हणा दारात उभा. मागं एक जाडजूड बाई, त्याला काखेत धरून.

भालदाराच्या हातातली काठी पडली. ढांग्या आसनामागं दडला. "भूत! भूत हाय!"

"भूत असतो तर उडत आलो असतो. पाय का सुजवून घेतले असते?" मेव्हणा म्हणला. "आन् दाजी, अंगारा जरा हळू लावत जावा. डोळ्यात गेला माझ्या."

त्याची आक्का धावली. आधी एक ठेवून दिली त्याच्या पाठीत, मग गळ्यात पडली. कावळे शहाणे निघाले बघा.

राजानं विचारलं, "तू जिवंत कसा झालास?"

"झालो न्हाई महाराज, होतोच." मेव्हण्याच्या तोंडावरचं हसू गेलं. "दाजी आले ते ऐकलं. रडले ते ऐकलं. मी आतल्या आत वरडत होतो, उठवा की, उठवा की. पण जबडा गोठलेला. म्हणलं, आता हाक मारतील. आता खांदा धरतील. तर कपाळाला अंगठा लागला. मग पावलं लांब गेली."

उभा राहिलेला दरबार एकेक करून खाली बसला.

"मग उठवलं कुणी?" राजानं विचारलं.

मागची बाई पुढं आली. "मी, महाराज. मी खालच्या सपाट मुलखातली. भाजी विकती. तुमची दवंडी आमच्याकडं उशिरा आली. म्हणलं, जन्मभर बाजारात उभी राहिली, एकदा राजाशेजारी बसून बघावं. म्हणून चढली. पण मला बोलल्याबिगर करमत न्हाई. वाटंनं जो बसलेला दिसंल त्याला म्हणलं, राम राम दादा, थंडी लई पडली न्हाई? एक बोलंल तर शपथ! म्हणलं, कसला शिष्ट गाव हाय हा. मग वर हा भेटला. मांडीवर भाकरी. म्हणलं, बाबा, तू खात न्हाईस तर मला दे. भाकरी ओढली, तर हा सोडंना!"

मेव्हण्यानं मान खाली घातली. "भाकरी होती, महाराज."

"मग काय, गालावर दिल्या दोन-चार, चोळला, पाठुंगळी मारला, वाट अरुंद तिथं बसून सरकली, आन् आणला खाली. पायावर उभा राहीपर्यंत पायथ्याच्या झोपडीत ठेवला. टोक राहिलं माझं. असू दे, ते कुठं पळतंय?"

बाई तेवढ्यावर थांबली न्हाई. तिला आपलं जे मनात आलं ते विचारायची खोड.

"एक सांगा महाराज. हा जिता निघाला. मग ते बाकीचे बसलेत ना वाटंनं, त्यांना त्या त्या वेळी कुणी हलवून बघितलं होतं का?"

अरारारा! काय विचारून बसली बाई! पुढं बसलेल्या चढणाऱ्यांतल्या एकानंही मान वर केली न्हाई. प्रत्येकानं कुणाला ना कुणाला अंगारा लावलेला. कुणी भावाला, कुणी दोस्ताला.

एक म्हातारा चढणारा उठला. "तो हात वर केलेला हाय ना," तो म्हणला, "तो माझा सोबती. मी वर जाताना त्याचा हात मांडीवर होता. उतरताना बघितलं तर वर होता. मी..." त्यानं आपल्या अंगठ्याकडं बघितलं. "मी दोन्ही वेळा अंगारा लावला."

कुणी उठा म्हणलं न्हाई, पण सगळा दरबार उठला. राजा उठला. तसेच सगळे डोंगराकडं निघाले. जाताना एकाच्याही कमरेला पुडी नव्हती. वाटेवरच्या प्रत्येक बसलेल्याला त्यांनी खांदा धरून हलवलं. नाव ठाऊक होतं त्याला नावानं हाक मारली, नव्हतं त्याला दादा म्हणून मारली. सगळ्यात पुढं ढांग्या होता. हाका मारून मारून त्याचा घसा बसला.

एकही उठला न्हाई.

त्या दिवसापासनं राजानं अंगाऱ्याची रीत मोडली. थोरल्यावर कुणी बसलेला दिसला की आधी त्याला हाक मारायची, हलवायचं, न्हाईच उठला तर चापट मारायची, असा नवा हुकूम निघाला. पुढच्या कितीतरी जणांच्या गालावर वळ उठले, पण ते चालत घरी आले.

ढांग्याचं काय झालं? थोरला जिंकणारा म्हणून त्याचं नाव राहिलं. ते कुणी काढून घेतलं न्हाई. घरात बायकोनं त्याला वेळेवर जेवायला वाढलं, आजारात उशाशी बसून पाय दाबले. पण त्या दिवसानंतर तिनं त्याला कधी "अहो" म्हणून हाक मारली न्हाई. तो म्हातारा झाला, दारात बसून वाट बघायचा. ती घरात असायची, चुलीपाशी, चार पावलांवर. हाक काही आली न्हाई.

तर लहानांनो आन् थोरांनो, बोध येवढाच: माणसापुढं हात जोडायच्या आधी त्याला एक हाक मारून बघावी.