चार हजार लिटरची गाय

दूध संघाचे अध्यक्ष विश्वासराव घोरपडे यांनी तपासणीला आलेल्या ऑडिटर शर्वरी टिळेकरला चहा दिला आणि म्हणाले, "मॅडम, आमचा सगळा हिशेब कॉम्प्युटरवर आहे. त्यात खोटी नोंद शिरूच शकत नाही. तपासायचं काय? सही करून टाका."

"एक खोटी नोंद करून बघू?"

"खुशाल बघा."

शर्वरीने अध्यक्षांच्याच नावावर एक गाय दाखवली आणि तिचं आज सकाळचं दूध लिहिलं, चार हजार लिटर. कॉम्प्युटरने मुकाट्याने बिल छापलं.

तिने ते अध्यक्षांपुढे ठेवलं. "साहेब, सही लगेच करते. फक्त आधी ही गाय दाखवा."

अध्यक्षांनी कारकुनाला वर्षभराच्या नोंदी उघडायला सांगितलं.