उतारावरची शाळा

त्या राज्यात सगळी पिल्लं एकाच मापाच्या दगडांवर बसून शिकत. ज्याला त्या दगडावर बसता येत नसे ते पिल्लू चुकीचं ठरे. दगडाचं माप कुणी काढत नसे.

हे दगड मोठ्या पठारावर रांगेनं मांडलेले होते आणि समोर बगळेगुरुजी एका पायावर उभे राहत. ते प्रश्न विचारत आणि चोच तीनदा आपटत. तिसऱ्या ठोक्याच्या आत उत्तर आलं, तर पिल्लू पुढच्या दगडावर सरके. पिल्लं चारशे होती, त्यामुळे चौथा ठोका कुणाच्याच वाट्याला येत नसे. गुरुजी दुष्ट नव्हते. त्यांनाही आजवर कुणी दुसरा पाय टेकू दिला नव्हता.

खवलाईची लेक गुंडी याच पठारावर जाई. या मायलेकी जातीनं खवले मांजर. पाठभर कठीण खवले, आणि भीती वाटली की अंगाचं गोल गाठोडं करून घ्यायचं. लहान असताना गुंडी आईच्या शेपटीवर बसून रानभर हिंडे आणि तिच्या तोंडाला खळ नसे. हे बीळ कुणाचं? या मुंग्या कुठं निघाल्या? आता ती शेपटीवर मावत नव्हती, आणि एकटीनं रान तुडवण्याइतकी मोठीही झाली नव्हती. नेमक्या त्या अधल्यामधल्या वयात, गुरुजींच्या पहिल्या ठोक्यालाच ती मिटू लागली.

मिटलेलं पिल्लू दगडावर ठरत नाही, ते घरंगळतं. गुंडी घरंगळली की सारं पठार हसे. एके दिवशी मधल्या सुट्टीत कोल्ह्याच्या पोरांनी तिला ढकलत ढकलत पठाराच्या कडेपर्यंत नेलं. खवलाईनं तिला तिथून उचलून घरी आणलं. त्या दिवसानंतर गुंडी घरातही उघडेना. जेवायच्या वेळीही नाही.

"तुमची मुलगी हजर असते," गुरुजींनी निरोप धाडला, "पण बंद असते."

शेजारपाजारी उपाय सांगायला जमले. कुणी म्हणालं, धुरी द्या. कुणी म्हणालं, पाण्यात धरा, झक मारत उघडेल. खवलाईनं दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी पोरीचं पोट खपाटीला गेलं असेल या विचारानं तिचा धीर सुटला आणि तिनं आपली नखं त्या गाठोड्याच्या फटीत घालून जोर लावला. एक खवला मुळाशी उचकटला. रक्त आलं. गुंडी ओरडली नाही, फक्त आणखी घट्ट झाली. खवलाई मातीत नखं पुसत राहिली. तिला आपल्याच हातांची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडं पाठीवर घेऊन ती ओढ्याकडच्या उतारावर गेली. तिथं एक म्हातारी साळिंदर शाळा चालवते, एवढंच तिनं ऐकलं होतं. पठारावर त्या शाळेची चेष्टा होई. तिथं दगड नाहीत, ठोके नाहीत आणि पिल्लं अवघी दहा. एक ससा तर म्हणे दिवसभर धावतच असतो आणि त्याला कुणी बस म्हणत नाही.

साळिंदरबाईंनी गाठोड्याकडं पाहिलं. उचकटलेला खवलाही त्यांना दिसला. 

"हिला काय येतं?" त्यांनी विचारलं.

"आता काहीच येत नाही, बाई. नुसती मिटून असते."

"मिटता येतं की. तिथूनच सुरू करू."

"पण उघडेल कधी?"

"ते मला सांगता यायचं नाही. सांगितलं तर एक तर मी खोटी पडेन, नाहीतर ती."

बाईंनी गुंडीला ओढ्याच्या काठावर, सावलीतल्या मऊ मातीत ठेवलं. शेजारी कासवाचं पोर येऊन बसलं. मग हळूच म्हणालं, "मीपण जातो कधीकधी आत. आत बरं असतं." आणि तेही आत गेलं.

रोज सकाळी खवलाई लेकीला तिथं ठेवी आणि सायंकाळी घेऊन जाई. पाचव्या दिवशी गुंडीच्या नाकाला ओली माती लागलेली दिसली. नवव्या दिवशी घरातल्या मुंग्यांच्या पुडीतल्या थोड्या मुंग्या कमी झाल्या. पण तोंडातून शब्द नाही. विसावा दिवस उजाडला तेव्हा शेजारीण दारातूनच म्हणाली, "वीस दिवसांत एक पाढासुद्धा नाही? पठारावर निदान रांगेत तरी होती." ते खवलाईला लागलं. पोरीला परत न्यायचंच असं ठरवून ती भरदुपारी उतारावर निघाली.

त्या उन्हाळ्यात ओढा आटला होता. बाईंनी पिल्लांना विचारलं होतं, पाणी गेलं कुठं? आणि उत्तर न देताच त्या बाजूला झाल्या होत्या. तीन दिवस पिल्लं वाद घालत होती. मुंगसाचं पोर म्हणत होतं, उन्हानं पिऊन टाकलं. सशानं सात ठिकाणी उकरून पाहिलं होतं. सातही ठिकाणी फुफाटा. खवलाई करवंदीच्या जाळीपर्यंत पोचली तेव्हा तो आठवी जागा उकरत होता.

"तिथं नाही," कुणीतरी म्हणालं.

आवाज दबका होता, गाठोड्याच्या आतून आलेला. ससा आयुष्यात पहिल्यांदा थांबला. सगळ्यांनी बाईंकडं पाहिलं, पण बाई पाठमोऱ्या वाळकी पानं वेचत होत्या आणि वेचतच राहिल्या. कुणीच चोच आपटली नाही. खवलाईला धावत जावंसं वाटलं. मागं न वळताच बाईंनी शेपटीचे काटे किंचित खुळखुळवले, आणि ती जागीच थबकली.

"इथं," खूप वेळानं आवाज आला. "माझ्या खाली. वाळवी ओली माती वर आणतेय. मला रोज ऐकू येतं."

"किती खोल?" कासवानं विचारलं.

"थांब. बघते."

आधी नाक बाहेर आलं. मग डोळे, उन्हानं बारीक झालेले. मग पुढचे पाय, आणि ते पाय लगेच मातीत घुसले. गुंडी उघडली हे सांगायलाही कुणी थांबलं नाही. सगळे तिच्याभोवती माती ओढायला धावले. जाळीमागं खवलाई मटकन खाली बसली. तिला रडू येत होतं आणि हसूही. शेवटी तिनं दोन्ही होऊ दिलं.

लेकीला न नेताच ती परतली.

त्या सायंकाळी गुंडी आपल्या पायांनी घरी आली आणि आईनं पुढ्यात ठेवलेल्या मुंग्या खाता खाता बोलत राहिली. वाळवी कशी चालते, ससा माती कशी डोळ्यांत उडवतो, कासव किती छान ऐकतं. मग एकदम थांबून म्हणाली, "आई, त्या दिवशी दुखलं होतं मला."

"माहीत आहे गं," खवलाई म्हणाली. "चुकलं माझं."

गुंडीनं जरा विचार केला आणि पुढची मुंगी उचलली.

सहा दिवसांनी तिनं आईला हाताला धरून काठावर नेलं. बाईंनी सगळ्यांना एकच विहीर खणायला लावली नव्हती. गुंडीनं दाखवलेल्या जागेभोवती ज्यानं त्यानं आपापल्या अंगानं खणलं होतं. "हा मुंगसाचा," गुंडी दाखवत होती. मुंगसाचा खड्डा बांबूच्या नळीसारखा अरुंद आणि सरळसोट होता. सशाचा तीनदा दिशा बदलून गेलेला. कासवाला चढून बाहेर यायचं असे, म्हणून त्याचा लांबलचक, उतरता. गुंडीचा स्वतःचा गोल, आतल्या आत वळत गेलेला. असे अकरा. एकासारखा दुसरा नव्हता.

खवलाई एकेकावर वाकून पाहत गेली. अकराही खड्ड्यांत पाणी आलं होतं, आणि अकराही ठिकाणी ते एकाच पातळीला उभं होतं.